उसने विरजण

आमच्या लहानपणी बडोद्याच्या वाड्यात एखाद्या घरचे विरजण संपले की त्या घरातले पोर वाटी घेऊन शेजारच्या काकूंच्या दाराशी उभे राहत असे. काकू चमचाभर विरजण आनंदाने देत; त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. मात्र आमच्या आईचा एक नियम होता. आणलेल्या विरजणाने दही लागले की दुसऱ्या दिवशी ताक करण्यापूर्वी त्यातले थोडे दही झाकून बाजूला ठेवायचे. "विरजण एकदा उसने आणावे, रोज आणू नये," असे ती म्हणे. या साध्या घरगुती नियमाची आठवण मला वयाच्या सत्तरीत, तीही संगणकासमोर बसून, व्हावी, हे माझे मलाच नवल वाटते. ती कशी झाली, हे वाचकांना सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. त्यानंतर येथल्या एका मराठी मंडळाच्या वाचनालयाचे काम हौसेने पाहते. वाचनालय लहानच आहे. चार-साडेचार हजार पुस्तके, सहा लाकडी कपाटे, आणि संध्याकाळी दोन तास उघडणारा एक दरवाजा. परंतु बडोद्यात वाचनालय चालवणाऱ्याच्या पाठीशी एक मोठी परंपरा उभी असते. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि त्यांच्याकरवी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये जाऊ लागली. पेटी गावात येई, लोक पुस्तके वाचीत, पेटी पुढे जाई. पुस्तके दुसऱ्याची, वाचनाचा आनंद मात्र आपला, अशी ती व्यवस्था होती. पुढे जे सांगणार आहे त्याचे बीज मला या पेटीतही दिसते.

यादीची निकड

२०२० साली साथीमुळे टाळेबंदी आली आणि आमचा दरवाजा बंद झाला. सभासद बहुतेक वयस्क. घरात बसून कंटाळलेले. "अमुक पुस्तक आहे का?" असे विचारणारे दूरध्वनी दिवसभर येत. सारी माहिती तीन जाड नोंदवह्यांत, आणि नोंदवह्या कुलपात. अशा वेळी माझी भाची मदतीला आली. ती संगणकशास्त्राची पदवीधर असून नोकरीनिमित्त पुण्यास असते. त्या दिवसांत ती घरी येऊन अडकली होती.

"मावशी, एवढ्या पुस्तकांची नावे टंकत कशाला बसायची?" ती म्हणाली. "पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक तेवढा मला दे. बाकीची माहिती एका कंपनीकडे तयार आहे. आपण मागायची, ती देईल."

मला प्रथम हे खरे वाटेना. आयुष्यभर मी कार्डांवर लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे असे एकेक लिहीत आले. एका पुस्तकास दहा मिनिटे लागत. ती दहा मिनिटे कोणी परका माणूस मला फुकट देईल, यावर विश्वास कसा बसावा? पण तिचे म्हणणे खरे होते.

क्रमांकातली खूण

पुस्तकाच्या पाठीवरच्या त्या क्रमांकास आयएसबीएन म्हणतात. १९७० साली हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. तेव्हा तो दहा अंकी असे; १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. त्यातला शेवटचा अंक हा पडताळ्याचा असतो. पहिल्या बारा अंकांना ओळीने एक आणि तीन यांनी आळीपाळीने गुणायचे, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत नेण्यास जेवढे कमी पडतील तेवढा हा तेरावा अंक. उदाहरणार्थ, ९७८०३०६४०६१५ हे बारा अंक घेतले तर बेरीज ९३ येते; शंभरास सात कमी; म्हणून तेरावा अंक ७. वाचताना एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक जागच्या जागी सापडते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा सापडते. फक्त त्या दोहोंतला फरक नेमका पाच असला तर ही युक्ती फसते.

भाचीने पहिले काम हेच केले. क्रमांक खोटा असेल तर संगणक घरच्या घरीच तो परत करी; कंपनीचे दार ठोठावीत नसे. "दुसऱ्याकडे मागायला जायचे, तर आधी आपला निरोप तरी नीट असावा," हे तिचे म्हणणे मला आवडले.

निरोप आणि उत्तर

आता कंपनीचे दार म्हणजे काय, ते सांगते. आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा जो पत्ता लिहितो, तसाच एक लांबलचक पत्ता. त्यात आपल्याला दिलेली चावी आणि हव्या असलेल्या पुस्तकाचा क्रमांक गुंफलेला असतो. चावी म्हणजे कंपनीने नोंदणी करून घेऊन दिलेला अक्षरांकांचा एक गट. मागणारा कोण, हे त्यावरून कळते. असा पत्ता पाठवला की क्षणार्धात उत्तर येते. मात्र ते चित्रांनी नटलेले पान नसते. माणसासाठी नव्हे, तर दुसऱ्या संगणकासाठी लिहिलेला तो एक मजकूर असतो, आणि त्याची लिहिण्याची रीत म्हणजे एक्सएमएल.

ही रीत १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने प्रमाण म्हणून जाहीर केली. तिची कल्पना कोणाही गृहिणीस समजेल अशी आहे. स्वयंपाकघरात आपण प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतो. येथे प्रत्येक माहितीच्या आधी एक चिठ्ठी आणि नंतर तीच चिठ्ठी तिरक्या रेघेसह लावतात. पहिली डबा उघडते, दुसरी मिटते. मोठ्या डब्यात लहान डबे ठेवता येतात. ही रीत जगातल्या बहुतेक लिप्यांना मान्य करते, त्यामुळे चिठ्ठ्या देवनागरीतही लिहिता येतात. जसे:

<पुस्तक>
  <शीर्षक>ययाति</शीर्षक>
  <लेखक>वि. स. खांडेकर</लेखक>
  <वर्ष>१९५९</वर्ष>
</पुस्तक>

कंपनीच्या उत्तरातील चिठ्ठ्या अर्थातच इंग्रजीत होत्या, आणि त्या मोठ्या डब्यात आम्हाला नको असलेले अनेक लहान डबे होते: किंमत, वजन, लांबीरुंदी, विक्रीतला क्रमांक. आमच्या छोट्या ॲपचे काम एवढेच की, क्रमांक घ्यायचा, तपासायचा, कंपनीस विचारायचे, आलेल्या उत्तरातून चार डबे उचलायचे, आणि ते सभासदाच्या पडद्यावर मांडायचे. भाचीने पाच-सहा संध्याकाळी खपून हे सारे उभे केले. एवढ्या थोड्या श्रमात एवढे मोठे काम व्हावे, याचे इंगित हे की डोंगराएवढे श्रम दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेले असतात.

अडखळण्याच्या जागा

सारे सुखासुखी झाले असे मात्र नव्हे. पहिल्या दोन संध्याकाळी ॲपला काही सापडेचना. उत्तर डोळ्यांना दिसत होते, शीर्षकाचा डबा समोर होता, तरी संगणक म्हणे, शीर्षक नाही! शेवटी उलगडा झाला. उत्तराच्या अगदी पहिल्या ओळीत एक 'नेमस्पेस' जाहीर केलेली होती. नेमस्पेस हे एका अर्थी चिठ्ठ्यांचे आडनाव असते. गावात राम पुष्कळ असतात. आडनाव सांगितल्यावाचून पोस्टमन पत्र कोणाच्या हाती देणार? पहिल्या ओळीत आडनाव एकदा सांगितले की आतल्या साऱ्या चिठ्ठ्यांस ते न लिहिताही लागू होते, आणि शोधणाऱ्याने ते घेतले नाही तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागते. आडनाव जोडताच डबे धडाधड उघडू लागले.

दुसरी अडचण लिपीची होती. काही मराठी पुस्तकांची नावे प्रश्नचिन्हांची माळ होऊन येत. वाटेत कोठेतरी कोणीतरी देवनागरी अक्षरे जुन्या पद्धतीच्या साच्यात कोंबली होती. एकदा अशी मोडली की ती परत जुळवता येत नाहीत. तिसरी गोष्ट, एक्सएमएल ही फार सोवळी रीत आहे. एक डबा मिटायचा राहिला, किंवा मजकुरात इंग्रजी 'आणि'चे चिन्ह तसेच उघडे पडले, की वाचणारा संगणक सारे उत्तरच नाकारतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे अपुरी माहिती. एखाद्या पुस्तकास लेखकाचा डबाच नसे, तर एखाद्यास तीन असत आणि त्यांपैकी एक चक्क मुखपृष्ठकाराचा. दुसऱ्याने दिलेले उत्तर पुरे आणि खरे असेलच, असे धरून चालणारा ॲप फार दिवस चालत नाही, हे आम्ही यावरून शिकलो.

सर्वांत मोठी अडचण मात्र तंत्राची नव्हती. आमच्या निम्म्याहून अधिक पुस्तकांवर आयएसबीएन नव्हताच! १९७० पूर्वीच्या पुस्तकांवर तो असणे शक्य नाही, आणि त्यानंतरही बऱ्याच मराठी प्रकाशनांवर तो पुष्कळ वर्षे दिसत नाही. ज्या पुस्तकांवर क्रमांक होता त्यांतलीही काही कंपनीला ठाऊक नव्हती. ही सारी 'अनोळखी' पुस्तके हातानेच टंकणे भाग होते. ऐंशी ओलांडलेले आमचे एक सभासद आणि मी असे दोघांनी ते काम अंगावर घेतले. टाळेबंदी उठल्यावर सहा महिने आम्ही नोंदवही समोर ठेवून टंकत होतो. टंकता टंकता नोंदवहीतली जुनी टिपणेही घालीत गेलो: हे पुस्तक कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिले, कोणत्या प्रतीवर लेखकाची स्वाक्षरी आहे, कोणत्या प्रतीचे शेवटचे पान फाटले म्हणून कोणी हाताने उतरवून चिकटवले आहे. तरुण मंडळी आम्हाला हसत. नवी पुस्तके एका क्षणात चढत आणि आमची जुनी पुस्तके मुंगीच्या पावलांनी.

देणाऱ्याच्या अटी

देणारी कंपनी देते ती काही धर्मादाय म्हणून नव्हे, आणि तसे तिने म्हटलेलेही नसते. या प्रकारच्या सेवांचा इतिहास पाहिला की हे स्पष्ट होते. ॲमेझॉन या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २००२ साली आपली सूची एक्सएमएलद्वारे सर्वांस खुली केली. आपल्या पुस्तकांची माहिती जगभरच्या संकेतस्थळांवर झळकावी आणि तेथून गिऱ्हाईक दुकानात यावे, हा तीमागचा हेतू. त्यात गैर काही नाही. सोयीही चांगल्या होत्या; चिठ्ठ्यांच्या मजकुराचे थेट पान बनवून देण्याची व्यवस्थासुद्धा काही काळ होती. पण अटीही होत्या. सेकंदाला एकच विचारणा करावी. मिळालेली माहिती फार काळ साठवू नये. पुष्कळशा माहितीला चोवीस तासांची मर्यादा. ऑगस्ट २००९ पासून प्रत्येक विचारणेवर गुप्त चावीने केलेली सांकेतिक स्वाक्षरी सक्तीची झाली, आणि ज्यांनी आपले ॲप वेळेवर सुधारले नाहीत त्यांना उत्तरे मिळेनाशी झाली. २०१९ साली सेवेची नवी आवृत्ती आली, ती एक्सएमएल सोडून जेसॉन या दुसऱ्या रीतीने बोलू लागली; २०२० साली जुनी आवृत्ती बंद झाली.

आम्ही जिची सेवा घेतली त्या कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्याही अटींत एक कलम होते: दिलेली माहिती दाखवावी, पण कायमची साठवून ठेवू नये. भाची सरळमार्गी मुलगी. तिने अट तंतोतंत पाळली. नव्या पुस्तकांपुरता आमच्याकडे फक्त तेरा अंकी क्रमांक साठवला जाई. सभासदाने यादी उघडली की त्या क्षणी नावे कंपनीकडून येत आणि पडद्यावर उमटत. पाहणाऱ्यास वाटे, यादी आपली आहे. वस्तुतः यादी कंपनीची होती; आपले होते ते नुसते आकडे.

यश मिळाले की माणूस बेसावध होतो. मंडळाच्या सभेत ठराव आला की, यादी आता संगणकावर आहे, तेव्हा वाळवी लागलेल्या नोंदवह्या रद्दीत द्याव्यात. मी विरोध केला, पण माझा मुद्दा केवळ भावनेचा होता. युक्तिवाद मला सुचला नाही. शेवटी एवढेच ठरले की वह्या माझ्या घरी माळ्यावर जाव्यात. नव्या खरेदीची नोंद वहीत करणे मात्र २०२० पासून थांबलेच होते. ती चूक माझी.

कोऱ्या ओळी

२०२२ सालच्या श्रावणात एका सकाळी एका सभासद भगिनींचा दूरध्वनी आला. "यादीतली अर्धी पुस्तके चोरीला गेली की काय हो?" मी संगणक उघडला. यादी होती, पण तिच्यात ठिकठिकाणी कोऱ्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तेरा आकडे. कंपनीने ती सेवा बंद केली होती. तशी सूचना तिने तीन महिने आधी पाठवलीही होती, पण ती भाचीच्या महाविद्यालयीन दिवसांतल्या जुन्या ई-मेल पत्त्यावर गेली, आणि तो पत्ता आता कोणी उघडीत नव्हते. दोष द्यायचा तर कोणाला?

त्या सकाळी जे पाहिले ते मी विसरणार नाही. जी पुस्तके कंपनीला ठाऊक होती, जी क्षणात चढली होती, ती सारी पुसली गेली होती. आणि जी तिला ठाऊक नव्हती, जी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी मुंगीच्या पावलांनी चढवली होती, ती एकूण एक जागेवर होती. दात्यांच्या नावांसकट, स्वाक्षऱ्यांच्या टिपणांसकट. नवे गेले आणि जुने राहिले. कारण त्यात जुन्याचा मोठेपणा होता असे नव्हे. जे आपल्या हाताने आपल्या घरात ठेवले ते राहिले, एवढेच.

मला आईची वाटी आठवली ती त्या वेळी. आम्ही दोन वर्षे रोज विरजण उसने आणीत होतो.

थोरामोठ्यांची तीच कथा

असे आमचेच झाले असे नाही. वाचकांनी आपापली पुस्तके नोंदवून त्यांविषयी लिहावे यासाठी २००७ साली अमेरिकेत गुडरीड्स हे संकेतस्थळ सुरू झाले. त्याची पुष्कळशी ग्रंथमाहिती ॲमेझॉनकडून येई. अटी जाचक वाटू लागल्यावर जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी तो स्रोत सोडला. तेव्हा ज्या ग्रंथांची माहिती इतरत्र मिळेना ते वाचवण्यासाठी सभासदांनाच हाताने नोंदी भरण्याची हाक द्यावी लागली. पुढल्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, ॲमेझॉनने गुडरीड्सच विकत घेतले. गुडरीड्सही इतरांना एक्सएमएलद्वारे माहिती देत असे आणि तिच्यावर अनेक हौशी मंडळींनी आपले छोटे ॲप उभारले होते. डिसेंबर २०२० मध्ये नव्या चाव्या देणे बंद झाले आणि महिनाभर न वापरलेल्या चाव्या रद्द झाल्या. जो एकदा घेणारा म्हणून पोळला होता, तोच देणारा झाल्यावर दार लावून बसला!

डिलिशियस लायब्ररी नावाचा, घरच्या पुस्तकांची सूची करणारा एक सुबक प्रोग्राम २००४ पासून मॅक संगणकावर होता. त्याचीही सारी मदार ॲमेझॉनच्या माहितीवर. २००९ साली त्याची आयफोनवरील आवृत्ती अटींच्या कारणाने मागे घ्यावी लागली, आणि २०२४ साली तो पुरवठाच तुटल्यावर प्रोग्रामची विक्री थांबली. वीस वर्षांचे काम, उत्तम कारागिरी, पण विहीर दुसऱ्याच्या अंगणात.

गव्हाच्या पैशांतून आलेल्या नोंदी

आम्ही पुन्हा कामास लागलो. या वेळी भाचीने आधी अटी वाचल्या आणि मग ओळी लिहिल्या. माहिती साठवण्यास जेथे मोकळीक आहे असेच स्रोत घ्यायचे, आणि एक नव्हे, दोन घ्यायचे, असे ठरले. पहिला स्रोत ओपन लायब्ररी. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेली ही सूची कोणीही वापरावी, उतरवून घ्यावी आणि तीत भरही घालावी अशी आहे.

दुसरा स्रोत अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसची सूची. तेथे मला एक आश्चर्य भेटले. व्यापारी कंपनीने जिच्याबद्दल कानांवर हात ठेवले होते, ती साठ-सत्तरच्या दशकांतील आमची जुनी मराठी पुस्तके तेथे एकामागून एक सापडू लागली. कारण शोधता ते निघाले पी. एल. ४८० मध्ये! जुन्या वाचकांना तो अमेरिकन गहू आठवत असेल. १९५४ च्या त्या कायद्यान्वये आलेल्या धान्याचे मोल भारताने रुपयांत चुकवले. त्या रुपयांतील काही भागातून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून अमेरिकेच्या ग्रंथालयांस पाठवली जाऊ लागली, आणि तेथल्या ग्रंथपालांनी त्यांच्या रीतसर नोंदी केल्या. ग्रंथालयांच्या नोंदींची 'मार्क' ही संगणकी पद्धत त्याच दशकातली. तिचे एक्सएमएल रूप लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली प्रसिद्ध केले. त्यात शीर्षकाच्या डब्यास नाव नसते, क्रमांक असतो: २४५. लेखकाचा १००. आम्हा ग्रंथपालांना हे आकडे पाठ असतात; भाचीला जे वाचता येईना ते या वेळी मी वाचून दाखवले. त्या जुन्या नोंदी रोमन लिपीत असल्याने देवनागरीत आणाव्या लागल्या, पण पुस्तक हाती असता ते कठीण नव्हते.

आता आलेली प्रत्येक नोंद प्रथम आमच्या सर्व्हरवर उतरते. ती कोठून आणि कोणत्या तारखेस आली, हे तिच्याच शेजारी लिहिलेले असते. कोणी तरी पुस्तक हाती घेऊन ती तपासतो, आणि मगच ती यादीत जाते. दर महिन्यास सारी यादी एका फाइलमध्ये उतरवून तिच्या दोन प्रती दोन घरी ठेवतो. वर्षातून एकदा यादी छापून बांधतो. मंडळाचा पत्ता दोन व्यक्तींच्या नावे नोंदवला आहे, म्हणजे सूचना आली तर ती कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाईल.

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ओपन लायब्ररीही काही दिवस बंद होती. म्हणजे सार्वजनिक विहीरसुद्धा आटू शकते. त्या दिवसांत आमच्या नव्या नोंदी थांबल्या. पण यादी जशीच्या तशी उघडत होती. सभासदांना काही घडल्याचे कळलेही नाही. दह्याची वाटी फडताळात होती.

मी भाचीला एकदा विचारले, "मग पहिल्या कंपनीकडून घेतलेच नसते तर?" ती म्हणाली, "अगं मावशी, मग ही यादी सुरूच झाली नसती." तेही खरे. ज्याने पहिल्या दिवशी विरजण दिले त्याचे उपकार मानले पाहिजेत. उसने घेण्यात कमीपणा नाही. संस्थानातली ती लाकडी पेटी उसनवारीवरच तर चालत होती. पण पेटी पुढे गेल्यावर गावात स्वतःचे चार ग्रंथ उरले की नाही, यावर त्या गावाचे वाचनालय ठरते.

आता आम्हीही आमच्या जुन्या पुस्तकांच्या नोंदी ओपन लायब्ररीत भरू लागलो आहोत. आणि गेल्या दिवाळीच्या सुमारास इंदूरच्या एका मराठी वाचनालयाचे पत्र आले. त्यांच्याकडे तीच जुनी पुस्तके, त्याच वाळवी लागलेल्या वह्या, आणि टंकणारे हात थोडे. भाचीने आमची यादी एक्सएमएलमध्ये उतरवून त्यांना पाठवली. सोबतचे पत्र मी लिहिले. त्यात अट एकच घातली: ही माहिती आमच्याकडून रोज मागू नये; आपल्या घरी उतरवून घ्यावी, तपासावी, आणि पुढे कोणी मागितल्यास त्यासही द्यावी.